साडेतेरा अंशांची बाटली

सावदा
१४ एप्रिल

प्रिय सुन्या,

तुझ्या आतेभावाबरोबर इंग्लंडहून पाठवलेल्या बियरच्या दोन्ही बाटल्या पोचल्या, उघडल्या, संपल्या. "भारी होती रे" म्हणून फोनवरच मोकळा झालो असतो, पण जाताना तूच टोमणा मारला होतास ना, की जन्मभर केळीच्या घडाला नुसता हात लावून भाव सांगणारा माणूस आमच्या बियरला काय भाव देतो ते बघू. घे मग. लांबलंय जरा, चहा घेऊन बस.

पहिली भानगड उन्हाची. इथे पारा ४३ वर, आणि तुझ्या चिठ्ठीत सक्त ताकीद की बारा-तेरा अंशांवर प्यायची, फ्रिजमधली गारढोण नको, वास मरतो. आता इथे बारा-तेरा अंश आणू कुठून? घरचा फ्रिज चार-पाचावर चालतो. माठात ठेवून पाहिली, माठच दमला. मग रात्री डोक्यात ट्यूब पेटली. अरे, माझी कोल्ड रूम! केळीला तेराच्या खाली थंडी बाधते, साल काळपट पडते, पुढे माल धड पिकत नाही. म्हणून थांबवायचा माल आम्ही साडेतेरावर धरतो. तुमचे इंग्रज तळघरात एल, म्हणजे ही उबेत आंबवलेली बियर, जपायला जो आकडा धरतात, जवळपास तोच मी सावद्यात केळी जपायला धरतो. क्रेटच्या थप्पीआड दोन बाटल्या दीड दिवस उभ्या ठेवल्या. हमालांनी बघितल्या, हसले, पण हात कुणी लावला नाही. मुनीम तेवढा दर तासाला 'टेंपरेचर बघायला' आत जात होता.

उभ्या अशासाठी की तळाशी यीस्टचा गाळ होता. बाटलीत भरल्यावरही आत जिवंत यीस्ट असतं, गॅस तेच करतं. हे चिठ्ठीत नसतं तर मी 'माल खराब' म्हणून परत पाठवली असती बरं का.

बैठक मळ्यावर बसली, कारण घरात हे चालत नाही हे तुला माहीतच आहे. मी, मुनीम आणि आपले केमिस्ट्रीचे सर. सर आता रिटायर झालेत, पण समोर दोन माणसं बसली की त्यांचा तास सुरू होतो. ओपनर विसरलो, मोटारीच्या पान्याने बूच उडवलं. पहिल्या ग्लासात फेस आला तसा बसला. ग्लास घरून आणलेला, त्याला तेलाचा ओशट हात लागलेला. दुसरा सोड्याने घासून तीन पाण्यांनी धुतला, तेव्हा कुठे बोटभर पांढरा फेस टिकला. रंग मात्र बघत राहावा असा. मुनीम म्हणाला, "भो, हे तं जळगावच्या सराफात ठेवण्यासारखं आहे."

आता मुख्य गोष्ट. बाटल्या दोन्ही एकाच जातीच्या, एकाच पेटीतल्या, तरी चव दोन तऱ्हेची. तुझा आतेभाऊ आधी भुसावळला सासुरवाडीला उतरला. एक बाटली त्याच्या बॅगेत पँटमध्ये गुंडाळलेलीच राहिली. दुसरी त्याच्या सासूबाईंना इतकी आवडली, की त्यांनी ती सरबताची समजून खिडकीतल्या शोकेसमध्ये मांडली. आठ दिवस! आणि तुमच्या त्या शहाण्या कंपनीने रंग दिसावा म्हणून बाटली घेतलीय पांढऱ्या काचेची. ती उघडली आणि मुनीमने तोंड फिरवलं. जळकं रबर, वर शिळ्या लसणाची फोडणी. सरांचा चेहरा मात्र खुलला. म्हणाले, हॉपचा, म्हणजे बियरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा, कडूपणा ज्या द्रव्यांतून येतो ती उजेडात तुटतात, बियरमधलं रायबोफ्लेविन (बी-टू जीवनसत्त्व) त्या उजेडाला हात देतं, आणि गंधकाचा एक वास तयार होतो. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते, पांढरी अडवत नाही, हिरवीही फारशी नाही. म्हणजे दोष ना भट्टीचा, ना सासूबाईंचा. दोष काचेचा. सोनं दाखवायच्या नादात सोनं काळं केलं. ती बाटली आम्ही अर्धी सोडली. अर्धी प्यालो, कारण सात समुद्र ओलांडून आलेली वस्तू ओतून द्यायला हात होईना.

पँटमधली बाटली म्हणजे खरी बाटली. नाक लावलं तर आधी संत्र्याची साल, मग उन्हात वाळलेला कडबा. आणि त्याच्या मागून, सुन्या, केळी. पिकलेली, ठिपका पडायच्या बेताची. मला वाटलं माझेच हात. विहिरीवर जाऊन साबणाने कोपरापर्यंत धुऊन आलो. पुन्हा हुंगलं, पुन्हा केळी. सर टाळी देऊन हसले. तेच द्रव्य आहे म्हणाले, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. पिकत्या केळीत बनतं आणि यीस्टही बनवतं. फसफसण्याची खोली गरम असली की जास्त. लागर, म्हणजे आपल्याकडची नेहमीची फिकी बियर, थंडीत आंबवतात म्हणून तिथे ते फारसं जाणवत नाही, एल उबेत आंबवतात म्हणून थोडं येतंच. जर्मनांच्या गव्हाच्या बियरमध्ये तर ते मुद्दाम राखतात. पण ही गव्हाची नाही, कडू सोनेरी आहे. इथे केळी लांबून दिसावी, पंगतीला बसू नये. माझ्या मते यांची खोली त्या दिवशी दोन-तीन अंश चढलेली होती. दहातला एक गुण इथे कापला. हस, केळीवाल्याला केळीच खटकली म्हणून हस.

कडूपणाबद्दल जरा जपून लिहितो, कारण खरी किंमत त्याचीच. आपल्याला कडू म्हणजे पाडव्याचा कडुनिंब, जिभेच्या मुळाशी जाऊन बसतो तो गूळ खाल्ला तरी उठत नाही. नाहीतर कारलं, मीठ चोळलं की निम्मं पाणी होऊन निघून जातं. हा कडू तिसराच. घोट तोंडात असताना माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचा, ताज्या पावासारखा गोडवा, कडूचं नावही नाही. गिळला की मागून येतो, तोंड कोरडं करतो आणि पुढचा घोट मागतो. आपल्याकडची स्ट्राँग बर्फासारखी करून का पितात ते मला त्या क्षणी कळलं. तिला चव लागू द्यायची नसते.

तू सांगितलं होतंस की १९८६ ला सॉमरसेटच्या एक्समूर भट्टीने 'गोल्ड' ही सोनेरी एल काढली, मग सॉल्झबरीच्या हॉप बॅक भट्टीची 'समर लाइटनिंग' आली, आणि लागरकडे वळलेली पोरं परत एलकडे ओढायला हा फिका रंग कामी आला. पटलं. डोळ्याला लागर, जिभेला एल. पण तुझ्या या बाटलीत शेवटी एक पोकळी आहे. कडू जातो आणि मागे काही उरत नाही, पाणी उरतं. घड बाहेरून टपोरा आणि आत गर कमी, तसं. आणखी एक गुण गेला. आठ उरले, आणि सराफवाल्या मुनीमने भांडून अर्धा वाढवून घेतला.

सोबतीला शेवभाजी केली होती, ती चूक झाली. काळ्या मसाल्याच्या तिखटावर हा कडू चढला की दोघंही बेफाम होतात. कान गरम झाले माझे. कळण्याची भाकरी, लोण्याचा गोळा आणि भाजलेले शेंगदाणे यांच्याशी मात्र तिची छान जमली. तू येशील तेव्हा थंडीत ये, भरीत करू. वांग्याच्या धुराला ती कशी उभी राहते ते मला बघायचंय.

तळाचा गढूळ घोट सरांनी मागून घेतला. इडलीच्या पिठासारखा लागतो म्हणाले, आणि मिशी पुसली.

पुढच्या वेळी तपकिरी बाटली पाठव. तीच नसेल तर निदान दोन्ही पँटमध्ये गुंडाळ, आणि आतेभावाला सांग की आधी सावदा, मग सासुरवाडी. कोल्ड रूममध्ये क्रेटच्या आड जागा राखून ठेवलीय. मुनीमने तिथे खडूने रेघ मारलीय.

तुझा,
बाळ्या