उपकेंद्रातील सिस्टरांना आभारपत्र

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

माझी मुलगी महिनाभर आधी जन्मली आणि तिचे वजन जेमतेम सव्वादोन किलो होते. कावीळ-बची लस, पोलिओचे थेंब व बीसीजी (क्षयरोगाची लस) हे जन्माच्या वेळचे डोस रुग्णालयातच झाले होते; प्रश्न उभा राहिला तो बाळाला घेऊन माहेरी आल्यावर. ‘वजन भरू दे, मग टोचा,’ असे आईचे म्हणणे होते, आणि सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही ही घरची रीतही होती.

गृहभेटीला आल्यावर आपण आईशी वाद घातला नाही. ‘सव्वा महिना खुशाल पाळा, दीड महिन्याचा डोस त्यानंतरच येतो,’ एवढे हसून म्हणालात आणि मग शांतपणे समजावलेत, की आईकडून बाळाला मिळणारे संरक्षण बहुतांशी शेवटच्या आठवड्यांत पोहोचते, म्हणून आधी जन्मलेल्या बाळाकडे ते तोकडे असते. अशा बाळाला डांग्या खोकल्याचा धोका अधिक असल्याने त्याचेही डोस जन्मतारखेपासूनच मोजायचे असतात.

‘काही होत नाही’ असे सांगून आपण आमची बोळवण केली नाहीत, याचे मला विशेष वाटते. दंडावर बीसीजीची गाठ येईल, ती पिकून फुटेल, तिला दाबू नका, वर काही लावू नका, हे आपण आधीच सांगितले होते. त्यामुळे पुढे पू दिसला तेव्हा हळद घेऊन निघालेल्या आईला मी थांबवू शकले. पेंटाव्हॅलंटनंतर (डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची एकत्रित लस) ताप येऊ शकतो, मांडी चोळायची नाही, पॅरासिटामॉलचे थेंब वजनानुसार किती द्यायचे, हे सांगून आपण आम्हाला अर्धा तास तिथेच बसवून ठेवलेत, आणि बाहेर रांग असतानाही पुढची तारीख कार्डावर लिहून ती मला वाचायला लावलीत. अडीच महिन्यांच्या डोसला बाळाचे नाक वाहत होते, तेव्हा साध्या सर्दीसाठी लस लांबवायची नसते, हेही तपासूनच सांगितलेत. (रोटाव्हायरसचे थेंब मात्र तिने निम्मे आपल्या साडीवर काढले, त्याबद्दल क्षमस्व.)

नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोससाठी आम्ही येऊ. त्या वेळी बाळाला आईच घेऊन येणार आहे, आणि ही लस इतक्या उशिरा का, हा तिचा प्रश्न आत्तापासून तयार आहे.

आपली कृतज्ञ,
एका लेकीची आई