काचपट्टीवरच्या दोन अनोळखी व्यक्तींस आभारपत्र

आदरणीय स्नेही,

सप्रेम नमस्कार.

आपणा दोघांची नावे मला ठाऊक नाहीत आणि ती कधी कळणारही नाहीत, कारण संशोधनासाठी नमुना देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवली जाते. माझ्या छातीच्या डॉक्टरांनी एका तपासणीच्या वेळी संगणकाच्या पडद्यावर सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्यांची दोन छायाचित्रे शेजारीशेजारी लावली आणि प्रत्येकाखाली केवळ एक क्रमांक होता. डावीकडचा श्वासनलिकेचा तुकडा दमा नसलेल्या व्यक्तीचा होता, उजवीकडचा तीव्र दमा असलेल्या व्यक्तीचा. हे पत्र त्या दोन क्रमांकांमागच्या माणसांना लिहीत आहे.

त्या दिवशी मी फार खचून गेले होते. स्टेरॉइडचा इन्हेलर पूर्ण मात्रेत, त्याच्या जोडीला नळ्या उघडणारे औषध, वर्षातून तीनचार वेळा स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि एवढे करूनही स्पायरोमेट्रीत, म्हणजे जोराने फुंकून श्वासाची क्षमता मोजण्याच्या तपासणीत, पंप घेण्यापूर्वीचा आणि पंप घेतल्यानंतरचा आकडा जवळपास सारखाच येत असे. ‘तुम्ही औषध नीट ओढत नसाल’, ‘मनावर घेता म्हणून होते’ हे मी इतक्या जणांकडून आणि इतक्या वेळा ऐकले होते की, दोष आपलाच असावा, असे मलाही वाटू लागले होते. आपल्या दोघांच्या नमुन्यांनी माझ्या मनातला तो सल काढला, म्हणून हे आभार.

डावीकडच्या चित्रात नळीचे अस्तर सलग होते, त्यावरची सूक्ष्म केसांसारखी लव एका रांगेत उभी होती आणि अस्तराखाली फिकट गुलाबी रंगाची एक बारीक रेघ होती. डॉक्टरांनी त्या रेघेवर पेन्सिलीचे टोक ठेवून सांगितले की, हे अस्तराखालचे आधारपटल. निरोगी माणसात त्याची जाडी 4 ते 5 मायक्रोमीटर, म्हणजे मिलीमीटरचे हजारावे भाग, असते. मग पेन्सिल उजवीकडच्या चित्रावर सरकली. तिथे तीच रेघ रुंद पट्टा झाली होती, दुपटीहूनही जाड. अस्तर ठिकठिकाणी सुटले होते, श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी फुगून गर्दी करून बसल्या होत्या आणि नळीला वेढणाऱ्या स्नायूंचे जुडगे आत, पृष्ठभागाच्या अगदी जवळ येऊन ठेपले होते. जाड पट्टा सौम्य दम्यातही दिसतो. तीव्र दम्यात मात्र या स्नायूंचा थर फार वाढलेला आढळतो, असे डॉक्टर म्हणाले. पंपातले औषध आवळलेल्या स्नायूंना सैल करते, परंतु भिंतच आतून जाड झाली असेल तर सैल होण्याजोगे फारसे काही उरत नाही. माझा आकडा का हलत नाही, याचे उत्तर मला त्या क्षणी मिळाले.

भिंत थोडी जाड झाल्याने एवढा फरक पडतो का, असे मी विचारले होते. त्यावर मिळालेले उत्तर मी अजूनही दम्याच्या प्रत्येक रुग्णाला सांगते: नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध दुप्पट नव्हे, सोळा पट होतो. त्यात घट्ट श्लेष्म्याचे बूच बसले, तर त्यापलीकडच्या भागात हवा पोहोचतच नाही. सीटी स्कॅनवर अशी बुचे अनेक वर्षे त्याच जागी टिकून राहिलेली दिसली आहेत आणि ज्यांना खोकल्यावाटे कफ पडत नाही, त्यांच्यातही ती सापडतात. माझा कफ पडत नसे, म्हणून माझी छाती ‘मोकळी’ आहे असे गृहीत धरले गेले होते, हे इथे नमूद करावेसे वाटते.

आपण दोघांनी काय दिले, हे मला नेमके कळते, कारण पुढे उपचारासाठी माझीही ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून करायची तपासणी, झाली. उपाशीपोटी जायचे, नाकाघशात बधिर करणाऱ्या औषधाचे फवारे घ्यायचे, आणि मग गिळलेले कळत नाही अशा अवस्थेत साधारण करंगळीपेक्षा बारीक नळी आत उतरू द्यायची. दुर्बिणीच्या टोकाचा चिमटा मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा तोडतो. तो तोडताना दुखत नाही, मात्र श्वास आता परत येणार नाही, असे क्षणभर वाटते. मी माझ्या आजारासाठी ते सोसले. उजवीकडच्या नमुन्याच्या स्नेह्यांनी, नळी आत गेल्यावरच दमा उसळण्याचा धोका असताना, ते सोसले. आणि डावीकडच्या स्नेह्यांनो, आपल्याला तर कोणताच आजार नव्हता. आपला तुकडा नसता तर उजवीकडचा पट्टा जाड आहे, असे कोणाच्या तुलनेत म्हणायचे?

जिवंत माणसाच्या श्वासनलिकेतले हे बदल पाहता येतील अशी सोय फार पूर्वी नव्हती. 1922 साली ह्यूबर आणि केसलर या दोन संशोधकांनी दम्याने मरण पावलेल्यांच्या श्वासनलिकांच्या भिंती मोजून त्या जाड झाल्याचे दाखवले, म्हणजे तेव्हा हे ज्ञान रुग्णाच्या मृत्यूनंतरच हाती येत असे. पुढे आपल्यासारखी माणसे स्वतःहून पुढे आली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाबद्दल वाचताना मी थांबूनच राहिले. त्यात दमा असलेले 48 स्वयंसेवक होते. त्यांच्यातल्या काहींनी धुळीतल्या किड्यांचा ॲलर्जीकारक घटक हुंगला, तर काहींनी मेथाकोलीन नावाचे, सूज न आणता केवळ नळ्या आवळणारे औषध. दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीन वेळा त्यांनी स्वतःचा श्वास मुद्दाम कोंडू दिला आणि आधी व नंतर तुकडे काढू दिले. ज्यांच्या नळ्या केवळ आवळल्या गेल्या होत्या, त्यांच्यातही अस्तराखालचा पट्टा जाड झालेला आढळला. ज्यांना नळ्या उघडणारे औषध आधी देऊन मग मेथाकोलीन दिले, त्यांच्यात तसे झाले नाही. याचा अर्थ, नळीचे आवळणे हेही भिंतीला बदलवते. ‘थोडी धाप आहे, सोसून घेऊ’ ही माझी जुनी सवय मी ते वाचल्यापासून सोडली.

आज मला दर चार आठवड्यांनी मेपोलिझुमॅबचे इंजेक्शन मिळते. श्वासनलिकेत सूज आणणाऱ्या, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना पोसणारा इंटरल्यूकिन-5 हा घटक ते अडवते. ते तीव्र दम्यासाठी 2015 साली मान्य झाले. त्याच्या कितीतरी आधी स्वयंसेवकांनी ते टोचून घेऊन श्वासनलिकेचे तुकडे तपासायला दिले होते. माझी भिंत पूर्ववत झाली, असे मी म्हणणार नाही, तसे कोणी मला सांगितलेलेही नाही. परंतु गेल्या वर्षभरात स्टेरॉइडच्या गोळ्या एकदाही घ्याव्या लागल्या नाहीत आणि रात्री मी आडवी होऊन झोपते. बसून रात्री काढलेल्या माणसालाच यातले सुख कळेल.

आपणांस एकच विचारावेसे वाटते. तपासणीनंतर घशाचा बधिरपणा उतरेपर्यंत पाण्याचा घोटही घेऊ देत नाहीत. मला तेव्हा फार तहान लागली होती, पण माझ्या शेजारी माझी बहीण हात धरून बसली होती. आपल्या शेजारी कोणी होते का?

आपली ऋणी,
एक दमेकरी