तुरीचा भाव कोणी पाडला, तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रिझर्व्ह बँकेच्या स्वायत्ततेची आरती ओवाळणारा आपला कालचा अग्रलेख वाचला. व्याजदर मंत्र्यांच्या सोयीने ठरू नयेत, हे मलाही मान्य आहे. परंतु मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला आणि महागाई आटोक्यात आली, हे आपले म्हणणे अर्धेच खरे आहे. उरलेली अर्धी महागाई आमच्या वावरातून वसूल झाली.

जून २०२३ मध्ये केंद्राने तूर आणि उडदावर साठा मर्यादा लावली, म्हणजे व्यापाऱ्याने किती माल साठवावा याला बंधन घातले. पेरणीच्या बी-खताची सोय म्हणून राखून ठेवलेली तूर मी त्याच सुमारास बाजार समितीत नेली, तेव्हा नेहमीच्या व्यापाऱ्याने मर्यादेकडे बोट दाखवून ती भाव पाडून मागितली. मर्यादा घाऊक व्यापाऱ्याला २०० टनांची आणि माझी ट्रॉली अर्धीही भरलेली नव्हती. पण आभाळ भरून आले होते, ताडपत्री फाटकी होती, म्हणून मुकाट्याने दिली. शिवाय मोझांबिक आणि म्यानमारची तूर शुल्काविना येतच होती. हे निर्णय रेपो दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या सहा सदस्यांपैकी कोणाचेही नव्हते, सरकारचे होते. तरीही महागाईचे ४ टक्क्यांचे लक्ष्य जवळ आले की श्रेय मात्र रेपो दराला!

त्यावर कडी म्हणजे सरकारच्याच २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीने खाद्यपदार्थ वगळून महागाईचे लक्ष्य ठरवण्याचा विचार मांडला. त्या वेळी महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकात त्यांचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. म्हणजे आमचा माल मोजायचा नाही, भाव मात्र पाडायचा, असे समजावे काय?

२०२२ मध्ये सलग तीन तिमाही महागाई ६ टक्क्यांच्या ठरलेल्या कमाल मर्यादेच्या वर राहिली, तेव्हा बँकेने कायद्यानुसार सरकारला कारणे कळवणारे पत्र लिहिले आणि ते प्रसिद्ध करण्यास नकार दिला. एवढ्या स्वायत्त संस्थेला स्वतःचे पत्र जनतेला दाखवता येत नसेल, तर अग्रलेखातील विशेषणे थोडी कमी करता आली असती. माझे हे पत्र तरी आपण छापाल, अशी आशा आहे.

जाता जाता, सोन्याचा भाव आपण रोज ठळक छापता. कारंजा बाजार समितीचे तुरीचे भाव मात्र गेल्या दिवाळीपासून आपल्या पानावरून गायब आहेत, त्याचाही खुलासा व्हावा.

आपला,
एक तूर उत्पादक वाचक,
ता. कारंजा (लाड), जि. वाशीम