कडक भाकरीच्या पाकिटावर आत काय आहे तेवढं लिहा की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, जागा नसेल तर कापा पण कडक भाकरीचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी जुळे सोलापुरात राहते, नोकरी अक्कलकोट रोडला एका गारमेंट युनिटमध्ये, हिशोबाचं काम. घरी यायला साडेसात-आठ होतात, मिस्टरांचंही तसंच. आमच्या घरात दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, खवा, मध यातलं काही येत नाही, म्हणजे आजकाल ज्याला व्हीगन म्हणतात ते. कारण एवढंच की माझं माहेर मोहोळ तालुक्यातलं, गोठ्यातच वाढले, आणि ट्रॅक्टर आल्यापासून गाईला गोऱ्हा झाला की घरातले चेहरे कसे पडतात आणि पुढं त्या गोऱ्ह्याचं काय होतं ते बघितलंय, त्यानंतर दूध घशाखाली उतरेना. यावर वाद घालायला हे पत्र नाही, ज्याला प्यायचंय त्यानं प्यावं. माझा प्रश्न एकदम साधा आहे, दमून घरी आल्यावर पटकन खाता येईल असं, दूध-तूप नसलेलं तयार जेवण आणि किराणा आपल्या सोलापुरात कुठं आणि कसा मिळणार?

दुकानात विचारलं की सगळे एकच सांगतात, "ताई हिरवा ठिपका बघून घ्या ना." अहो पण हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्या कायद्यात दूध, दुधाचे पदार्थ आणि मध शाकाहारीतच धरलेत. ठिपक्याचा उपयोग नाही असं नाही हं, त्यानं अंडं, जिलेटिन, किड्यांपासून केलेला लाल रंग असल्या गोष्टी आधीच बाजूला होतात, निम्मं काम तिथंच संपतं. उरतं ते मुख्यतः दूध आणि मध, आणि त्यासाठी पाकीट उलटं करून वाचावंच लागतं. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांत दूध, शेंगदाणे, सोया, गहू अशा ॲलर्जीच्या गोष्टी पाकिटावर वेगळ्या लिहायला सांगितल्यात, त्यामुळं सगळी यादी वाचायला वेळ नसेल तर घटकांच्या आसपास "कंटेन्स मिल्क" असं लिहिलंय का तेवढं आधी बघायचं. यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसीन, बटर ऑइल असं काही दिसलं तर ठेवून द्यायचं. लॅक्टिक ॲसिड वाचून मात्र घाबरू नका, नाव दुधासारखं असलं तरी ते बहुतेक वेळा साखर किंवा स्टार्च आंबवून करतात.

आता हे वाचणं किती सोपं आहे तेही सांगते. मागं एका मॉलमध्ये दाल तडक्याचं तयार पाकीट उचललं, पुढं छान पितळी भांड्याचा फोटो, हिरवा ठिपका, मागं वळवलं तर घटकांची यादी पाकिटाच्या घडीत गेलेली आणि तिच्यावर बरोबर दुकानाचा किमतीचा स्टिकर. नखानं खरवडून खरवडून स्टिकर काढला, मोबाईलनं फोटो काढून मोठा करून बघितला, तूर डाळ, पाणी, टोमॅटो, कांदा आणि पाचव्या नंबरला बटर. मागं लाईनमध्ये उभी असलेली माणसं बघायला लागली होती. दाल मखनी, पावभाजी, पनीरचं काहीही, यात तर दुधाचं असणारच हे धरूनच चालायचं, पण चवीचे वेफर्स, सूपची पाकिटं, बिस्किटं, झटपट उपमा असल्या ठिकाणीही दुधाची पावडर निघते तेव्हा फार वैताग येतो हो. छोले आणि राजम्याची पाकिटं त्यातल्या त्यात बरी, बऱ्याचदा तेलातली असतात, पण तीसुद्धा वाचूनच घ्यावीत कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं.

फ्रीजरमधले मटार, मका, किराणातले सोयाबीनचे वड्या-चंक्स हे मात्र बिनधास्त. शंभर ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये 50 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि आपल्या कुठल्याही गल्लीतल्या किराणा दुकानात ते मिळतात, त्यामुळं प्रोटीन कुठून मिळतं हा प्रश्न मला कोणी विचारला की मी सरळ तिकडं बोट दाखवते. टोफू, म्हणजे दुकानात ज्याला सोया पनीर म्हणतात, ते कधी असतं कधी नसतं, असलं तर एक्सपायरीच्या तोंडावर. सोया ड्रिंकचे खोके मिळतात पण दुधापेक्षा बरंच महाग, बदामाचं तर विचारूच नका. ऑनलाईन मागवा म्हणतात सगळे, पुण्या-मुंबईतल्यांचं ठीक आहे, आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा 43-44 ला जातो आणि टोफू कुरिअरनं येईपर्यंत आंबतो, मग पैसे परत मागत बसा.

हे सगळं सांगितलं ते यासाठी की एवढी शोधाशोध करून मी ज्या पाकिटासाठी भांडतेय त्याच्यापेक्षा चांगलं तयार जेवण आपल्या सोलापुरात पिढ्यान् पिढ्या विकलं जातंय आणि त्यात दुधाचा थेंब नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी! ज्वारीचं पीठ, पाणी, मीठ, वाटलं तर वरून तीळ, पातळ थापून भाजायची आणि मग मंद आचेवर पाण्याचा अंश राहणार नाही इतकी वाळवायची, पाणीच नाही म्हटल्यावर बुरशी कशाला लागतीय, महिना-महिना टिकते. म्हैसूरच्या लष्करी अन्न प्रयोगशाळेनं आपल्या देशात जवानांसाठी रिटॉर्ट पाकिटांचं तंत्र बसवलं, सीलबंद पाकिटातच जेवण 121 अंशाच्या आसपास तापवून निर्जंतुक करायचं, फ्रीजशिवाय टिकतं, मोठंच काम आहे ते आणि आजची बाजारातली तयार पाकिटं त्याच तंत्रावर चाललीत. पण आपल्या बायकांनी चुलीपुढं बसून नुसतं पाणी काढून टाकून तेच साधलंय, त्याचं कौतुक कोण करणार? आणि ज्वारी तरी कुठली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं सरकारी मानांकन आहे, मालदांडी 35-1 हे वाण तर आमच्या मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रातलंच.

शेंगाच्या चटणीचं तेच, भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, जिरं, उखळात कुटत राहायचं तेल सुटेपर्यंत. मिक्सरवर फिरवलेली वेगळी लागते, भुगा होतो तिचा, कुटलेली हातात घेऊन दाबली तर मुठीत गोळा राहतो आणि बोटांना तेल लागतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आहे. सोबत कारळ्याची, जवसाची चटणी, बाजार आमटीचा तयार मसाला, सांडगे, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, हुलग्याचं पीठ. मी घरी आल्यावर काय करते, मिश्र डाळी सकाळीच कुकरला लावून ठेवलेल्या असतात, त्यात बाजार आमटीचा मसाला, तेलाची फोडणी, एक उकळी, आणि गरम आमटीत कडक भाकरी कुस्करायची. पंधरा मिनिटांत जेवण. हुलग्याचे शेंगोळे करायचे तर अर्धा तास.

मग अडतंय कुठं? तर पाकिटावर लिहिलेलं नसतं इथं अडतंय. मुख्य बाजारात, घरोघरी, बचत गटांच्या स्टॉलवर जे मिळतं त्यातल्या कितीतरी पाकिटांवर नुसतं नाव, फोन नंबर आणि देवाचा फोटो. आमच्या भागात भाकरी विकणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, "मावशी, यात तूप-दूध काय घालता का ओ?" तर त्या म्हणाल्या, "तूप घालून इकायला परवडतंय व्हय बाई, पीठ न् पाणी हाय नुस्तं." मला त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे, पण प्रत्येक ठिकाणी मावशी भेटत नाहीत ना, दुकानातल्या पोराला विचारलं तर तो म्हणतो "नसंल बहुतेक". आणि सगळंच बिनदुधाचं नसतं, धपाट्याच्या पिठात काही ठिकाणी दही घालतात, शेंगापोळीला तूप लावतात, काही फरसाणात दुधाची पावडर असते, बेकरीतली खारी-नानकटाई एका ठिकाणी डालड्यातली तर दुसरीकडं बटरमधली, आणि सुट्या मालावर तर लेबल लावायची पद्धतच नाही. मला वाटतं बेकरीवाल्यांनी बरणीवर एक चिठ्ठी चिकटवली तर त्यांचं काही जाणार नाही, उलट आमच्यासारखी गिऱ्हाईकं वाढतील.

यात आमचाच फायदा आहे असं समजू नका. आमच्या शेजारच्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, एक बिस्कीट चुकून खाल्लं तर अंगावर गांध्या उठतात, त्याची आई प्रत्येक पाकीट माझ्यासारखंच उलटंपालटं करत बसते. ज्यांना वय झाल्यावर दूध पचत नाही ते आजी-आजोबा आहेत, आपल्याकडं भरपूर आहेत असे. त्या सगळ्यांना ते वाचता येईल असं मराठीत हवं.

व्हीगनचा सरकारी लोगोही आहे हे खूप जणांना माहीतच नसतं. एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, 2022 साली व्हीगन खाद्यपदार्थांचे वेगळे नियम आणले, हिरव्या चौकोनात व्ही आणि त्यावर पान असं चिन्ह. त्यासाठी अर्ज करावा लागतो, पदार्थात प्राण्यांपासून आलेलं काही नको, आणि त्याच मशीनवर दुधाचा माल होत असेल तर आधी नीट सफाई करायची. लहान घरगुती धंद्याला हे लगेच झेपणार नाही हे मला कळतं, म्हणून माझं मागणं लोगोचं नाहीच. आत काय काय आहे ते पाकिटावर लिहिणं हे तर बंद पाकिटाला आजही बंधनकारक आहे, तेवढंच करा. छापील लेबल नको, रबरी शिक्का मारा, "ज्वारी, पाणी, मीठ. दूध-तूप नाही." चटणीवर "शेंगदाणे" ठळक लिहा, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असणारेही असतात.

बचत गटांच्या ताईंना हे सांगायला कोणीतरी पुढं यायला हवं. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत छोट्या उद्योगाला 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान आणि गटातल्या सदस्याला 40 हजारांपर्यंत बीजभांडवल ठेवलं, पॅकिंग-ब्रँडिंगला मदतही ठेवली त्यात. अधिकाऱ्यांनी गटांना मशीन घ्यायला सांगताना लेबल कसं लिहायचं हेही एका दुपारी शिकवावं, मोठं काम नाहीये ते. आणि दोन कडक भाकऱ्या, चटणीची छोटी पुडी, आमटीच्या मसाल्याची पुडी असं एकच जोडपाकीट कोणी काढलं तर रेल्वे स्टेशनवर, एसटी स्टँडवर, आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर ते खपेल असं मला अगदी मनापासून वाटतं, वारकऱ्याच्या पिशवीत आजही हेच असतं की.

एक गोष्ट दूध सोडणाऱ्या नव्या मंडळींसाठी. बी-12 व्हिटॅमिनचं बघा, ते भाजी-भाकरीतून मिळत नाही, तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्या. एफ आणि अधिकचं निळं चिन्ह असलेल्या फोर्टिफाइड आट्यात बी-12 घातलेलं असतं, पण तेवढ्यावर विसंबू नका.

दुकानदार बंधूंना विनंती, किमतीचा स्टिकर घटकांच्या यादीवर लावू नका, पाकिटावर दुसरीकडं भरपूर जागा असते. आणि संपादक साहेब, आपल्या पेपरात पाककृती येतात तेव्हा त्यात दूध-तूप आहे की नाही हे वर एका ओळीत छापलंत, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्या गटाच्या मालावर पूर्ण घटक लिहिलेले आहेत त्यांची नावं अधूनमधून दिलीत तर आमच्यासारख्यांची संध्याकाळची पळापळ वाचेल.

आपली नियमित वाचक,
जुळे सोलापूर