ब्रेकच्या बिलावर डिस्कची जाडीही लिहून द्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी ऐन कार्तिकात चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना माझ्या जुन्या फोर बाय फोर जीपचे ब्रेक पेडल एकाएकी मऊ पडले. गाडीत चार माणसे होती आणि मागे सामान होते. पेडल खालपर्यंत जात होते, पण गाडीचा वेग कमी होत नव्हता. गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर आणत आणि हँडब्रेक ओढत मी गाडी डोंगराच्या बाजूच्या मुरमात घातली, तेव्हा ती थांबली. चाके निवल्यावर, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाने, तेच पेडल पुन्हा पहिल्यासारखे कडक लागले. याच गाडीचे समोरचे ब्रेक पॅड मी तीन महिन्यांपूर्वी पैसे मोजून बदलून घेतले होते आणि त्याचे बिलही माझ्याजवळ होते.

घरी येऊन मी समोरचे चाक उतरवले. पॅड नवेच होते. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि पॅड जिला दोन्ही बाजूंनी आवळतात ती लोखंडी चकती, तीही चकचकीत दिसत होती, आणि शंका आली ती त्या चकचकीतपणामुळेच, कारण इतकी वर्षे चाललेल्या डिस्कच्या बाहेरच्या काठाला न झिजलेली कड उरते आणि इथे ती कडच नव्हती. म्हणजे डिस्क लेथवर लावून सपाट केलेली होती. डिस्कवर कोरलेली किमान जाडी २२ मिलिमीटर होती आणि माझ्या व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजण्याच्या साधनाने, मोजली तेव्हा ती २०.४ भरली. लेथवर डिस्क सपाट करून घेणे ही मुळात चूक नाही. किमान जाडीच्या वर राहत असेल तोवर ते चालते. पण नव्या डिस्कमध्ये आणि बाद डिस्कमध्ये बहुधा दोनेक मिलिमीटरचेच अंतर असते, आणि ते अंतर संपल्यावर तिला पुन्हा लेथवर चढवणे म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळणे आहे. गॅरेजचे नाव मी येथे घेत नाही. आपल्या भागात ही रीत अनेक ठिकाणी आहे आणि ग्राहक विचारत नाही म्हणून ती चालू राहते.

जाडीला इतके महत्त्व का, हे चिखलदऱ्याच्याच उदाहरणाने सांगतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि परतवाडा-अचलपूर सुमारे ३७० मीटरवर. माणसांसह दोन टन भरणारी गाडी हे सातशे मीटर नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर चाळीस लिटरांहून अधिक विहिरीचे पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता निर्माण होते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन उचलते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरणाऱ्याच्या गाडीत मात्र ती जवळजवळ सगळी ब्रेकवर येते, आणि ब्रेक दाबला की वजन पुढे झुकत असल्यामुळे तिचा बहुतांश भार समोरच्या दोन चाकांनाच सोसावा लागतो. डिस्क जितकी पातळ तितकी ती लवकर तापते, ती उष्णता पॅडमधून आणि कॅलिपरच्या (म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या) पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते, ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पेडलचा जोर चाकापर्यंत न जाता ते बुडबुडे दाबण्यातच संपतो. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत असते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. माझ्या गाडीतले ऑइल किती पावसाळ्यांचे होते हे मला आठवत नव्हते, आणि हा दोष माझा होता. ते साधारण दर दोन वर्षांनी बदलले पाहिजे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आपली काळी माती. पावसाळ्यात पांदणीतून वावरात जाताना हा चिखल चाकाच्या आत, कॅलिपरच्या खाचांत जाऊन बसतो आणि वाळला की विटेसारखा कडक होतो. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो, त्यांचे रबर एकदा फाटले की त्या पिना चिखलाने आणि गंजाने धरतात. मग एका बाजूचा पॅड पत्र्यापर्यंत झिजतो आणि दुसऱ्या बाजूचा तसाच राहतो. बाहेरून डोकावणाऱ्याला जाड पॅडच दिसतो. त्यामुळे डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला जे किलोमीटरचे हिशेब लागू होतात, ते पांदणीत आणि नाल्यात चालणाऱ्या गाडीला लावू नयेत, आणि पावसाळा संपला की समोरची दोन्ही चाके उतरवून डोळ्यांनी पाहावे असे माझे ठाम मत आहे. मेळघाटात आणि ताडोब्यात अजून जिप्सी गाड्या चालतात. त्या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले आहे, तेव्हा त्यांच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी.

मी मेकॅनिक नाही, संत्र्याचा बागायतदार आहे. तरीही या प्रसंगानंतर दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड मी स्वतः बदलले आणि ज्याच्या हाताला पाना-पक्कडीची सवय आहे त्याला हे काम जमते, असे अनुभवाने म्हणतो. मात्र ते शिस्तीने केले पाहिजे. आपल्या अंगणात जॅक जमिनीत रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी हवी, मागच्या चाकांना दगड अडवलेले हवेत, आणि गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये. भक्कम स्टँड लावूनच चाक काढावे. कॅलिपर सोडल्यावर तो रबरी होजवर लोंबकळू देऊ नये, तारेने वर बांधून ठेवावा. पिस्टन शिकंज्याने हळूहळू मागे दाबताना ब्रेक ऑइलच्या टाकीतले ऑइल वर चढते, म्हणून आधी थोडे काढून घ्यावे. ते रंगावर सांडले तर रंग सोडवते. जुनी डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, गंजून धरलेली असते. तिच्यावर घण मारण्याऐवजी, तिला आट्यांची दोन छिद्रे असतील तर त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळत जावे, ती आपोआप सुटते. काही जुन्या गाड्यांत डिस्कसाठी पूर्ण हब उतरवावा लागतो आणि बेअरिंग नव्याने बसवावे लागते. तेवढे काम जाणकारावर सोपवावे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते हबचा चेहरा स्वच्छ करण्याकडे. तिथे गंजाची पापडी राहिली की नवी डिस्क केसभर तिरकी बसते. हा डोल मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडा अधिक असला तरी पहिल्या दिवशी काही जाणवत नाही, पण काही हजार किलोमीटरनंतर डिस्क एका बाजूने जास्त झिजते आणि ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरू लागते. मग दोष नव्या डिस्कच्या माथी मारला जातो. तारेच्या ब्रशने आणि काचकागदाने मी प्रत्येक बाजूला अर्धा तास घालवला, आणि तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही. नव्या डिस्कवर गंज न लागावा म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसावा. पिनांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते. जुन्या पॅडची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. स्वस्त पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून ती ओल्या फडक्याने पुसावी.

आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. मागे सारलेला पिस्टन पॅडला येऊन टेकेपर्यंत ब्रेक नसतोच. काम संपल्याच्या आनंदात मी हे विसरलो, गाडी अंगणातून पुढे गेली आणि गोठ्याच्या खांबाला टेकून थांबली. दावणीचे वासरू तिथून दोन हातांवर होते. त्यानंतर रिकाम्या सरळ रस्त्यावर साधारण पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत आठ-दहा वेळा बेताने ब्रेक दाबून, पूर्ण न थांबता आणि मधे गाडी चालवत निववून, पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवून घ्यावे लागतात. पॅड बदलायचे ते नेहमी दोन्ही बाजूंचे. होजला चिरा दिसल्या किंवा पिस्टनजवळ ओल दिसली तर मात्र घरी काही करत न बसता गाडी मेकॅनिककडेच न्यावी.

आता माझी मागणी. प्रत्येकाने हे काम स्वतःच करावे असे माझे म्हणणे नाही, पण ते कसे होते हे प्रत्येक गाडीमालकाला कळले पाहिजे, म्हणजे त्याला गॅरेजमध्ये नेमके काय विचारायचे ते कळेल. गॅरेजवाल्यांनी समोरच्या ब्रेकचे काम केल्यावर दोन्ही डिस्कची मोजलेली जाडी आणि डिस्कवर कोरलेली किमान जाडी बिलावर मिलिमीटरमध्ये लिहून द्यावी, आणि काढलेले जुने भाग ग्राहकाच्या हाती द्यावेत. मोजताना काठाची कड व्हर्नियरला फसवते, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक नाणे धरून माप घ्यावे आणि त्यातून नाण्यांची जाडी वजा करावी. याला दोन मिनिटेही लागत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. ज्या संस्थांकडे मोजमापाची साधने आणि शिकवणारी माणसे आहेत, त्यांनी पावसाळा सरल्यावर आणि आंबिया बहाराची संत्री गाड्यांत भरली जाण्यापूर्वी एक दिवस परिसरातल्या गाडीमालकांसाठी आपली कार्यशाळा खुली ठेवावी आणि समोरचे चाक उतरवून डिस्क मोजून दाखवावी. परिवहन विभागाने यात पुढाकार घेतल्यास डोंगराकडच्या गावांना त्याचा सर्वाधिक उपयोग होईल. माझ्या गाडीच्या काढलेल्या दोन्ही डिस्क मी ठेवून दिल्या आहेत. असे शिबिर भरल्यास लोकांना हाताने मोजून पाहण्यासाठी मी त्या घेऊन येईन.

आपला,
एक संत्रा बागायतदार,
ता. अचलपूर, जि. अमरावती