टाचेवरचा काळा डाग

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत उन्हाच्या डागांमधून मेलानोमा, म्हणजे कातडीतल्या रंगपेशींचा कॅन्सर, कसा होतो, यावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे. पण तो वाचून आमच्या आळीतल्या दोघीतिघी गालावरचे वांगाचे डाग दाखवायला घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या. वडिलांच्या आजारपणामुळे मला यातलं थोडंफार कळतं, असं त्यांना वाटतं.

वांगाचा कॅन्सर होत नाही. वय वाढतं तसे उन्हाने हातांवर, गालांवर उठणारे तपकिरी ठिपकेही बहुधा जन्मभर तसेच राहतात. खरखरीत, खपली धरणाऱ्या चट्ट्यांतल्या काहींचा कॅन्सर होतो, पण तो वेगळ्या जातीचा. मेलानोमाकडे जातो तो ‘लेंटिगो मॅलिग्ना’: बहुतेकदा गोऱ्या कातडीच्या वयस्कर माणसाच्या चेहऱ्यावरचा सपाट डाग, कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात दोनतीन रंग. वर्षानुवर्षं तो कातडीच्या वरच्या थरातच पसरतो आणि मग एखादा खाली उतरतो. उतरण्याआधी काढला की धोका टळतो. गोऱ्या कातडीत रंगद्रव्य कमी, त्यामुळे अतिनील किरण रंगपेशींच्या डीएनएची जास्त नासधूस करतात. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून अंगभर शर्ट, क्रीम, टोपी अशी मोहीम चालवावी लागली, ती त्यामुळेच.

आपल्याकडे मेलानोमा मुळातच कमी. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली, म्हणजे ऊन फारसं लागतच नाही तिथे. बॉब मार्ले हा जमैकाचा गायक १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालच्या मेलानोमाने. लेखात याविषयी एक ओळही नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

माझ्या वडिलांच्या उजव्या टाचेला तूरडाळीएवढा काळा डाग होता. जन्मभर अनवाणी शेतात राबलेली, भेगाळलेली टाच. तिच्याकडे बघतंय कोण? कुरूप समजून आधी ब्लेडने तासलं, मग औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणून लावल्या. गावातल्या डॉक्टरांनीही कुरूपच म्हणून सांगितलं. वर्षभरात डाग रुपयाएवढा झाला. टीपकागदावर शाई फुटावी तशा त्याच्या कडा, आणि मोजा काढला की रक्ताचा ठिपका. बायोप्सी झाली तेव्हा तो साडेचार मिलिमीटर खोल गेला होता, जांघेत गाठ हाताला लागत होती. या रोगात सगळा हिशेब मिलिमीटरचा. एक मिलिमीटरच्या आत सापडला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. वडिलांना त्यानंतर पुरती दोन वर्षंही मिळाली नाहीत.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा चेहऱ्याच्या फोटोशेजारी तळपायाचाही फोटो कृपया छापा. डाग डाळीएवढा होता तेव्हाचा वडिलांच्या टाचेचा फोटो भावाच्या जुन्या मोबाइलमध्ये अजून आहे. हवा असल्यास पाठवते.

– एक वाचक, सांगली