मालिका संपली की वडसा

महोदय,

धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, मंडईच्या (गावजत्रेच्या) रात्री नाटकं सुरू होतात. बहुतेक नाटक कंपन्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-वडशाच्या. हल्ली पोस्टरवर सगळ्यात मोठा फोटो मालिकेतल्या अभिनेत्रीचा. मालिका कधीच बंद पडलेली, पण नावापुढे तिचा उल्लेख असतोच. मला ते खटकत नाही. नटाला दोन पैसे मिळावेत.

गेल्या हंगामात आमच्या गावी अशाच एक बाई आल्या. पहिल्या अंकात कान प्रॉम्प्टरकडे, आवाज मागच्या ताडपत्रीपर्यंत पोचेना. कॉलरच्या माइकची सवय, दुसरं काय! कोणी तरी ओरडलं, "बाई, जोरात बोला नं!" पहाटे तीनला मात्र त्यांनी असा हंबरडा फोडला, की शेकोटीजवळचे म्हातारे उठून पुढे आले.

उलटी वाट, झाडीपट्टीतून मालिकेत जायची, मात्र फारशी दिसत नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६ ते २०२१) मधली राधिका नागपूरची, ती रंगवणाऱ्या अनिता दाते नाशिकच्या. काम त्यांनी झकास केलं, वाद नाही. पण रात्र-रात्र उभं राहून पाठांतर पक्कं झालेल्या आमच्या पोरींना कोण विचारतो? झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा चार दिवस कौतुक झालं.

वाहिन्यांनी वर्षातून एकदा वडशालाच ऑडिशन घ्यावी. तेवढी उन्हाळ्यात ठेवा. पावसाळ्यात धानाची रोवणी असते.

— एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर